फिग्मा उघडण्याआधी डेअरीवर जाऊन या

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कम्प्युटरचा डिप्लोमा करून दोन वर्षं मी फ्लटरमध्ये ॲप बनवतोय. कंपनीत आता सगळे सांगतात की वापरणाऱ्याचा विचार करून डिझाइन करायला शिक. वापरणाऱ्यापासून सुरुवात करायच्या डिझाइन थिंकिंग या पद्धतीच्या पाच पायऱ्या पाठ आहेत, स्क्रीन आखायचं फिग्मा येतं, तरी माझ्या स्क्रीनमध्ये फरक पडत नाही. कोर्स करू का? आणि गावाकडच्या मराठी माणसांसाठी ॲप करायचं तर वेगळं काय शिकावं लागेल?"

कोर्सचं शेवटाकडे बघू. आधी तुमचं अडतंय कुठे ते सांगते. पायऱ्या पाठ होऊनही स्क्रीन बदलत नाही, कारण माणसं समजून घ्यायची पहिली पायरी तुम्ही बहुधा ऑफिसात बसूनच पार पाडताय. असं करणारे तुम्ही एकटे नाही. कितीतरी टीममध्ये भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटतात, 'सुनीता, वय ३४, गृहिणी, मोबाइलला घाबरते' अशी एक बाई कागदावर तयार होते आणि पुढचे तीन महिने जो तो तिच्या नावाने स्वतःचंच मत मांडतो. खरी बाई समोर असली की ती अडखळते, भलतंच बटण दाबते, फोन उलटा ठेवून चहा टाकायला उठते. आपलं काय चुकलं ते त्यातून कळतं.

या कामात शिकायची अवघड गोष्ट एकच आहे. आपल्या डोक्यातलं उत्तर थोडा वेळ बाजूला ठेवायचं आणि समोरचा माणूस काय करतोय ते बघत राहायचं. कोड लिहिणाऱ्याला हे जड जातं, कारण प्रश्न पुरता ऐकून व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार झालेलं असतं. माझंही तसंच होतं. मी सतरा वर्षं हे काम करते आहे, आणि बघायला शिकले ते एका गावच्या डेअरीवर. म्हणून तेच उदाहरण सविस्तर सांगते.

साताऱ्याकडच्या दूध उत्पादकांसाठी एक ॲप करायचं होतं. काम सरळ वाटत होतं. शेतकरी सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालतो. लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) मोजून दर लागतो. दर दहा दिवसांनी बिल निघतं: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. ही सगळी माहिती शेतकऱ्याला फोनवर द्यायची, एवढंच. आम्ही पुण्यात बसून महिनाभराच्या फॅटचे सुरेख आलेख काढले, गायीचे वेगळे, म्हशीचे वेगळे. बैठकीत सगळ्यांना आवडले. आमच्या एक वरिष्ठ सहकारी मात्र म्हणाल्या, "कोड सुरू करायच्या आधी तीन दिवस डेअरीवर उभी राहून ये. काही विचारू नकोस, नुसती बघ."

पहाटे साडेपाचला पोहोचले. रांग लागलेली होती. कुणाच्या गाडीला किटली अडकवलेली, कुणाच्या डोक्यावर, एक शाळकरी मुलगा सायकलवरून आलेला. सचिव मापात दूध ओतून घेत होते, थोडं मशिनला लावत होते, आकडे येत होते आणि छोटी पावती निघत होती. प्रत्येक जण पावती हातात आल्या आल्या त्यातला एकच आकडा बघायचा, फॅटचा. मग मागे वळून शेजाऱ्याला विचारायचा, "तुझी किती लागली?" गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही प्रत धरून जाहीर होतो. त्याखाली एकेक पॉइंट उतरला की दरही उतरतो. म्हणजे ३.५ आणि ३.४ यांतला फरक हा घरखर्चातला फरक असतो. महिन्याचा आलेख बघायला तिथे कुणाला सवड नव्हती, आणि त्या आलेखाने कुणाचा प्रश्न सुटणारही नव्हता. त्यांचा प्रश्न होता, "आज कमी का लागली?"

दुसरी गोष्ट दिसली ती हातांची. सगळ्यांचे हात ओले, दुधाचे. फोन खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, नाहीतर घरी. टच स्क्रीनवर पाणी असलं की बोट नीट ओळखलं जात नाही, हे आपल्याला पुस्तकात माहीत असतं. तिथे ते डोळ्यांसमोर घडत होतं. डेअरीवर उभं राहून ॲप उघडायचं, हे आमचं अख्खं गृहीतकच तिथे मोडलं.

तिसऱ्या दिवशी दोन घरी गेले. तिथे सगळ्यात मोलाचं मिळालं. एका घरी पावत्या तारेत ओवून ठेवलेल्या होत्या. दुसऱ्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत पेन्सिलने दोन आकडे, सकाळचे लिटर आणि संध्याकाळचे लिटर. बिल आलं की घरातली बाई पावत्या काढून बसते आणि ताळा घालते. थर्मल कागदावरची छपाई उन्हाने, घामाने, नुसत्या दिवसांनीही पुसट होते, म्हणून कॅलेंडरवरची नोंद. आणि भांडण होतं ते लिटरवरून नाहीच. भांडण कपातीवरून होतं: पेंडीचे किती धरले, उचल किती कापली, मागची बाकी कुठून आली.

गोठ्यात धार काढणारी बाई, दूध घालायला जाणारा मुलगा, बिल जमा होतं ते नवऱ्याच्या खात्यात, आणि खात्याला जोडलेला नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या थोरल्याचा. आमच्या लॉगिनला ओटीपी लागत होता. तो पुण्यात वाजणार होता.

परत येऊन आलेख काढून टाकले. पहिल्या स्क्रीनवर चालू बिल आलं: आतापर्यंत इतके लिटर, इतके रुपये, त्यातून ही कपात, हाती इतके, या तारखेला. कपातीच्या आकड्यावर बोट ठेवलं की तारखेनिशी तपशील. त्याखाली रोजच्या पावत्या, कागदी पावतीवर ज्या क्रमाने आकडे येतात अगदी त्याच क्रमाने, म्हणजे तार आणि फोन शेजारी ठेवून जुळवता येतील. दशांशचिन्ह आम्ही मुद्दाम ठळक केलं, कारण उन्हात ३.५ चा टिंब दिसत नव्हता. एका कुटुंबात तीन नंबर जोडायची सोय केली. आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला बदल ॲपमध्ये नव्हताच. मशिनचे आकडे शेतकऱ्याच्या बाजूनेही दिसतील असा एक वेगळा डिस्प्ले टेबलावर ठेवायचं आम्ही सुचवलं. पावती छापली जायच्या आधी आकडा दोघांना एकाच वेळी दिसू लागला, आणि "आज कमी का लागली" यावरची धुसफूस बरीच निवळली.

इतकं लांब सांगितलं, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे. यातली एकही गोष्ट त्या लोकांनी आम्हाला 'गरज' म्हणून सांगितली नव्हती. विचारलं असतं तर म्हणाले असते, दर वाढवून द्या. तार, कॅलेंडर, ओले हात, पुण्यातला नंबर, हे सगळं दिसलं ते तिथे उभं राहिल्यामुळे.

तेव्हा बघायला गेलात की काय टिपायचं? हातात काय आहे. शेजारी कोण उभं आहे. काम सुरू व्हायच्या आधी काय झालं आणि संपल्यावर काय झालं. कागद कोणते आहेत आणि त्यावर पेनने काय लिहिलंय. विशेषतः लोकांनी स्वतः शोधलेल्या वाटा टिपा. फोनच्या कव्हरखाली ठेवलेली पिनची चिठ्ठी, भिंतीवर कोळशाने लिहिलेला नंबर, पावतीचा फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवणं, दुकानदाराच्या हातात फोन देऊन "तूच बघ" म्हणणं. अशी प्रत्येक वाट म्हणजे कुठल्या तरी डिझाइनने अर्धवट सोडलेलं काम आहे. मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात फक्त अशा वाटांचे फोटो जमवायला सांगते, माणसांचे चेहरे वगळून.

आता विचारण्याबद्दल. इंग्रजीतल्या मुलाखतीच्या सूचना मराठीत जशाच्या तशा आणून चालत नाहीत. आपल्याकडे दारात आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. तुम्ही पुण्याहून आलात, चहा झाला, मग "ॲप कसं वाटलं?" विचारलंत, तर उत्तर येणार, "चांगलंय की." ती माणसं खोटं बोलत नाहीत, रीत पाळतात. म्हणून मत विचारूच नका. मागच्या वेळी काय घडलं ते विचारा. "मागचं बिल आलं तेव्हा काय केलंत? कुठे बसला होतात? कुणाला दाखवलंत? त्या पावत्या आहेत का, बघू?" माणूस आठवून सांगू लागला की त्यात मतं आपोआप येतात, आणि ती खरी असतात. "असं ॲप आलं तर वापराल का?" हा प्रश्न तर वहीतून खोडूनच टाका. त्याचं उत्तर कायम "वापरू की" असतं आणि त्यावर विसंबून लोकांनी सहा-सहा महिने काम केलेलं मी पाहिलंय.

बाईच्या कामाबद्दल विचारलंत की घरातला पुरुष उत्तर देतो, हेही धरून चला. त्यावर वाद घालायचा नाही. "काकू, दाखवता का जरा, कसं लिहिता ते?" म्हणून कॅलेंडरपाशी जायचं. हात चालू लागले की बोलणं त्यांचं होतं. शक्य असेल तर सोबत एक मुलगी असू दे, आणि वेळ गोठ्याच्या कामाची निवडा, पाहुणचाराची नको.

शब्द मात्र ऐकू आले तसेच लिहा. "फॅट लागली", "बिल पडलं", "उचल फिटली". ऑफिसात येऊन त्याचं 'स्निग्धांशाचे प्रमाण' करू नका. हेच शब्द पुढे तुमच्या बटणांवर येणार आहेत. आणि थांबायला शिका. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा. ती शांतता तुम्हाला नकोशी होईल, पण आठव्या-नवव्या सेकंदाला समोरचा जे बोलतो ते आधीच्या दहा मिनिटांत आलेलं नसतं. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा, कशासाठी ते साध्या शब्दांत सांगा आणि नको म्हणाले तर फोन पिशवीत ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमतीवर भर आहे, पण त्याहीआधी ती साधी सभ्यता आहे.

टिपणं घेऊन आलात की पर्सोना, म्हणजे वरच्या सुनीतासारखी कागदावरची माणसं, बनवायच्या मागे लागू नका. एक वाक्य लिहा, त्यात प्रसंग, काम आणि अडचण असू दे. आमचं होतं: "बिल आल्यावर पावत्या समोर घेऊन आकडा जुळतो का ते बघायचंय, पण निम्म्या पावत्या पुसट झाल्यात आणि फोन थोरल्याकडे आहे." पुढे प्रत्येक स्क्रीनला हा एकच प्रश्न लावायचा: या प्रसंगात ही उपयोगी पडते का? आलेख त्या प्रश्नात नापास झाले.

इथे थोडा इतिहास सांगते, कारण तो धीर देणारा आहे. आयबीएममधले जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस यांनी १९८५ मध्ये तीन तत्त्वं मांडली: सुरुवातीपासून वापरणारा आणि त्याचं काम यांवर लक्ष, प्रत्यक्ष वापरून घेऊन मोजणं, आणि पुन्हा पुन्हा सुधारणं. गूल्ड यांच्या टीमने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी खेळाडूंना निरोप ठेवायची आणि ऐकायची यंत्रणा केली, तेव्हा कोड लिहायच्या आधीच वापरायच्या सूचना लिहून लोकांना वाचायला दिल्या. नंतर नमुना ऑफिसच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवला, जो जाईल त्याने वापरून बघावा म्हणून. हे काम चाळीस वर्षांपूर्वीचं, आणि त्याला ना फिग्मा लागलं ना पाच पायऱ्यांचं चित्र. सूचना आधी लिहायची युक्ती तुम्ही आजच करून बघा. तुमच्या ॲपमधलं एखादं काम आईला फोनवर सांगताय अशा मराठीत लिहून काढा. जिथे तुम्हाला "मग ते वरचं तीन रेघांचं असतं ना" असं लिहावं लागेल, तिथे डिझाइन अडलंय.

पहिला नमुना कागदावर करा. पोस्टकार्डाएवढे कागद, जाड पेन. कागदाचा फायदा असा की समोरचा माणूस त्यात बदल सुचवायला कचरत नाही. रंगीत, गुळगुळीत स्क्रीन दाखवली की त्याला वाटतं, हे झालेलं आहे, आता काय बोलायचं. आमच्या एका आजींनी पेन हातात घेऊन कपातीचा रकाना स्वतः वर सरकवला होता. फिग्मातल्या स्क्रीनवर त्यांनी ते केलं नसतं.

चाचणीला किती माणसं लागतात, हे सगळे विचारतात. जेकब नीलसन आणि टॉमस लँडॉर यांनी १९९३ मध्ये जे गणित मांडलं, त्यात एका माणसाच्या चाचणीत साधारण ३१ टक्के अडचणी सापडतात असं सरासरीने धरलं आहे. त्या हिशेबाने पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास पोहोचता येतं. लोक पाच हा आकडा लक्षात ठेवतात आणि त्यामागची अट विसरतात: पाचही जण एकाच प्रकारचे वापरणारे हवेत. शेतकरी आणि डेअरीचे सचिव यांना एकाच पाचांत बसवून चालणार नाही. आणि पंधरा जण मिळत असतील तर एकदम पंधरा करू नका. पाच बघा, सुधारा, पुढचे पाच बघा.

चाचणीत तुमचं काम गप्प बसायचं. काम सांगा, "या बिलात पेंडीचे किती कापले ते शोधा", आणि हात मांडीखाली घ्या. "इथे दाबा" म्हणालात की ती चाचणी संपली. "मनात येईल ते मोठ्याने बोला" ही रूढ पद्धत वयस्कर माणसांना फार अवघड जाते. त्यांना वाटतं परीक्षा चालली आहे. त्यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे दोघांना एकत्र बसवणं. सासू आणि सून, किंवा दोन शेजारणी, एकच फोन. त्या एकमेकींशी बोलतात, "अगं तिथं नको, ते मागं गेलं", आणि तुम्हाला हवं ते सगळं ऐकू येतं. नंतर वहीत प्रत्येक कामापुढे तीनच खुणा करा: स्वतः केलं, मदत लागली, जमलं नाही. सुरुवातीला एवढं मोजमाप पुरतं.

मराठी भाषेच्या बाबतीत जास्त लक्ष द्या, असं कळकळीने सांगते, कारण इथे तुमच्याकडे असलेलं ज्ञान इंग्रजीत विचार करणाऱ्या डिझायनरकडे नाही. तीन उदाहरणं देते. 'सबमिट'चं भाषांतर आम्ही 'जमा करा' केलं होतं. पैशांच्या ॲपमध्ये 'जमा करा' म्हणजे पैसे भरा. लोक त्या बटणावरून बोट मागे घेत होते. तिथे 'पाठवा' आलं आणि प्रश्न मिटला. स्टेटमेंटसाठी बँकेच्या मराठीतला 'खाते उतारा' घेतला, तर शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे तलाठ्याकडचा आठ-अ आला. खाते उतारा म्हणजे त्याच्या लेखी जमिनीचाच. आणि 'नोंद रद्द करायची आहे का?' या प्रश्नाखाली 'रद्द करा' आणि 'ठीक आहे' अशी दोन बटणं होती. सांगा, कुठलं दाबायचं? आता मी नियमच केलाय की बटणावर प्रश्नातलं क्रियापद पूर्ण यावं: 'नोंद काढून टाका' आणि 'नोंद राहू द्या'. शुद्ध मराठीचा आग्रह आणि सरसकट इंग्रजी, दोन्ही टोकं सोडा. 'जतन करा' वाचून थांबणारे लोक 'सेव्ह करा' वाचून पुढे जातात. पण 'डिडक्शन'पेक्षा 'कपात' लगेच कळते. कुठला शब्द कुठे, हे तुमची टिपणवही सांगेल.

लिपीचंही तसंच. देवनागरीत वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळींच्या उंचीत मात्रा कापल्या जातात. 'मूल्य' आणि 'मुल्य' असं कळेनासं होतं. ओळीची उंची मोकळी ठेवा. बटणाची रुंदी मराठी शब्द घालून ठरवा, आणि शेवटी तीन टिंबं येऊन शब्द तुटत असेल तर शब्द बदला. फॉन्ट निवडताना 'दऱ्या', 'वाऱ्या' यांतला ऱ्य नीट येतो का ते बघा. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीहून वेगळी आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये ती दिलेली असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं तरच उमटतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट मोफत आहेत आणि छोट्या आकारातही 'मुक्त' छान वाचला जातो. आकडे १२३ ठेवायचे की इंग्रजी, हे तुमच्या लोकांच्या पावत्यांवर आणि पासबुकावर काय आहे त्यावरून ठरवा. दोन्हींची सरमिसळ एकाच स्क्रीनवर नको.

मराठी मातीतलं, वापरणाऱ्यापासून सुरू झालेलं एक उत्तम काम अभ्यासायचं असेल तर स्वरचक्र हा कळफलक बघा. पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये अनिरुद्ध जोशी यांच्या टीमने केलेला. इंग्रजी टंकयंत्राची मांडणी देवनागरीवर लादण्याऐवजी त्यांनी शाळेत शिकलेल्या वर्णमालेचा क्रम घेतला: क ख ग घ ङ एका ओळीत, त्याखाली च छ ज झ ञ. 'क'वर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं, त्यात का, कि, की, कु. बोट सरकवलं की अक्षर तयार. प्रत्येक मराठी शाळकरी मुलाने पाठ केलेली बाराखडी हेच त्याचं प्रशिक्षण. आज बरेच जण बोलून किंवा इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात हे खरं, पण 'लोकांना आधीच काय येतं' या प्रश्नापासून सुरुवात केली की काय निघू शकतं, ते त्यात स्वच्छ दिसतं.

आकड्यांचे काही नियम पाठच करून टाका, त्यात डोकं घालवू नका. स्पर्शाची जागा अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी, म्हणजे अंदाजे ९ मिलिमीटर, आयफोनवर ४४ पॉइंट. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं सगळ्यात मोठी करून तुमचं ॲप उघडा. चाळिशीपुढची कितीतरी माणसं तसाच फोन वापरतात. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक चालू करून डोळे मिटून एक काम पूर्ण करून बघा. आणि स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यावर, दुकानांत लोकांना फोन धरताना पाहून १३३३ नोंदी केल्या, त्यांत स्क्रीनला स्पर्श करत असलेल्यांपैकी ४९ टक्के एकाच हाताने वापरत होते. आपल्याकडे दुसऱ्या हातात किटली असते. महत्त्वाचं बटण अंगठ्याच्या टप्प्यात, खाली ठेवा.

आता कोर्स. पूर्ण वेळ शिकायची इच्छा आणि सवड असेल तर पवईचं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर (आताचं नाव आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन) १९६९ पासून आहे, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, एनआयडी, १९६१ पासून. डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आयआयटी मुंबई घेते ती सीड परीक्षा असते. त्यासाठी बारावीनंतरची किमान तीन वर्षांची पदवी किंवा डिप्लोमा लागतो, त्यामुळे अर्ज करायच्या आधी पात्रतेचे नियम नीट वाचा. घरबसल्या वाचायचं तर आयआयटीनेच चालवलेलं डीसोर्स हे डिझाइनचं संकेतस्थळ मोफत आहे, एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावरही चांगली व्याख्यानं मिळतात. खासगी, महागड्या सर्टिफिकेट कोर्सला पैसे भरायच्या आधी एकच प्रश्न विचारा: सहा महिन्यांत किती दिवस तुम्ही आम्हाला खऱ्या माणसांकडे नेणार? उत्तर गोलमोल आलं तर ते पैसे प्रवासाला आणि एका जुन्या, स्वस्त, कमी मेमरीच्या अँड्रॉइड फोनला वापरा. तुमचं ॲप त्याच फोनवर चालवून बघायचं. नोकरी सोडून शिकायची गरज मला वाटत नाही.

ऑफिसात "वेळ नाही" हे उत्तर येणारच. अहवाल लिहून कुणाचं मन बदलत नाही. परवानगी घेऊन काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ दाखवा, ज्यात कुणी तरी तुमच्याच ॲपमध्ये चार वेळा त्याच चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतंय. मी तो व्हिडिओ दाखवून खोली शांत झालेली पाहिली आहे, आणि पुढच्या सोमवारी कामाचा क्रम बदललेलाही.

सरावाला काय घ्यायचं? खाद्यपदार्थ घरपोच देणाऱ्या मोठ्या ॲपचं नवं रूप करू नका. ते सगळे करतात, आणि त्या लोकांपर्यंत तुम्हाला पोहोचता येत नाही. घराजवळचं एक काम घ्या. माझी सूचना महिला बचत गटाची आहे. तुमच्या आईचा, मावशीचा किंवा शेजारच्या काकूंचा गट असेलच. महिन्याच्या सभेत बचत गोळा होते, कर्ज दिलं जातं, व्याज आणि उशिराचा दंड मांडला जातो, आणि सगळं एका रजिस्टरात उतरतं. दीड महिना धरा. दोन सभा नुसत्या बघा, मधल्या दिवसांत तीन-चार घरी जा, कागदावर नमुना करून पाच जणींना दाखवा, सुधारा, आणखी पाच जणींना दाखवा. कोड त्यानंतर. पुढे कुठे काम मागायला गेलात तर शेवटच्या स्क्रीनबरोबर खोडलेले कागदही दाखवा, कशामुळे खोडले त्याच्या कारणासकट. मुलाखत घेताना मी तरी तेच आधी बघते.

पहिल्या सभेला जाताना वही आणि पेन न्या, लॅपटॉप घरी ठेवा. पैसे कोण मोजतं, दुसऱ्यांदा कोण मोजतं, रजिस्टर कोण लिहितं, आणि ती बाई ज्या महिन्यात आलेली नसते तेव्हा काय होतं, एवढं पहिल्या दिवशी बघून या.